माझ्या बाजूचा ब्रेक

बावतीस मेस्त्रीने गाडी जॅकवर घेतली
आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक
ड्रायव्हरच्या पायाखाली नुसतं टेकवलं.
ते आत गेलं,
शिळ्या घावनात बोट जावं तसं.
"समुद्रान खाल्ल्यान," तो म्हणाला.
"इंजिन बरां आसा. पण ता काय हवेर ठेवतलंस?"

डिझेलच्या पावतीमागे त्याने हिशेब मांडला:
तळाला पत्रा, दरवाजांच्या कडा, सायलेन्सर,
क्लचप्लेट, परत एकदा क्लचप्लेट.
एकेचाळीस हजार.
कुडाळचा भंगारवाला सव्वीस देतो म्हणतो,
तेही टायर बघून.
आणि सावंतवाडीच्या शोरूममधला पोरगा
रोज सकाळी दहाला फोन करतो,
मला मॅडम म्हणतो,
हप्त्याचा आकडा सांगताना आवाज मऊ करतो
जसा डॉक्टर करतात.

सतरा वर्षं.
टपावरच्या पाटीवर 'तुळसकर मोटार ट्रेनिंग',
त्यातला 'ट्रे' उन्हाने नेला.
(तुळसकर म्हणजे मी. नवरा अजून शिकलेला नाही.)
उभादांड्याचा एक पोरगा हिच्यावर शिकला,
आता मस्कतला ट्रेलर चालवतो
आणि दर ईदला फोन करून विचारतो,
आहे का ती? तिसरा गिअर अजून लपतो का?
लपतो, बाबा.
एक भटजी होते, रिव्हर्स टाकण्याआधी
डोळे मिटायचे.
मागचा तो पोचा त्यांचाच,
माडाला अजून दिसेल खूण.

बावतीस पेडलांपाशी वाकला.
"ह्यां बघ गे."
शिकणाऱ्याच्या ब्रेकच्या रबरावर
अजून रेघा होत्या, बोटाला लागत होत्या.
माझ्या बाजूच्या ब्रेकला रबरच नव्हतं.
नुसतं लोखंड,
देवळातल्या पायरीसारखं गुळगुळीत,
एका अंगाने, अंगठ्याच्या अंगाने, जास्त खाल्लेलं.
मी काही बोलले नाही.
तोंडाने म्हणत होते, जा, जा, सोड हळूहळू, काही होत नाही,
आणि खाली पाय
सतरा वर्षं आपलं वेगळंच सांगत होता.

हा खर्च त्याने पावतीवर धरला नव्हता.

"चार दिवस चालात," म्हणत त्याने भोकावर
होडीची एक जुनी फळी ठोकली.
फळीवर निळा रंग होता,
आणि अर्धं नाव: '...सागरी'.

सकाळी साडेसहाला प्रभावती खोबरेकर आल्या.
वय एकसष्ट, नववा दिवस, पायात मुलाचे बूट.
नव्या गाडीत शिकवाल का हो, असं त्यांनी
पहिल्या दिवशीच विचारलं होतं,
आता विचारत नाहीत.
मोचेमाडच्या चढणीला
मागे एसटी येऊन उभी राहिली, हॉर्न दाबून.
त्यांचा हाफ क्लच थरथरला.
गाडी वीतभर मागे आली.
माझा अंगठा उठला.

मी पाय मागे घेतला.
दोन्ही पाय सीटखाली,
शाळेतल्या बाकावर घेतात तसे.

अजून वीतभर मागे.
एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून बाहेर आला, कमरेपर्यंत.
फळीच्या कडेने डांबर दिसत होतं,
स्थिर,
मग इंजिन घसा साफ केल्यासारखं खोकलं
आणि डांबर हलायला लागलं.
आमच्या बाजूने नव्हे, त्यांच्या बाजूने.
प्रभावतीबाईंनी श्वास सोडला नाही
वर काजूच्या बागा लागेपर्यंत.

मग घाम पुसत म्हणाल्या,
"तुम्ही दाबलात ना?"
मी नाही म्हटलं.
त्यांना ते पटलं नाही.
परतताना दोनदा विचारलं.

बावीस तारखेला ओरोसला पासिंग.
एकेचाळीस हजार कुठून येतील ते मला माहीत आहे,
आणि आल्यावर कुठे जायला हवेत तेही,
पण ही दोन माहित्या एकमेकींशी बोलत नाहीत.

दहाला फोन वाजला.
तेव्हा दुसरी एक मुलगी चाकावर होती,
मोचेमाडची तीच चढण, मागे टेम्पो.
मॅडम, काही ठरलं का?

आत्ता चढणीला आहे, म्हटलं.
मागाहून कर.